चेंडू नसताना

तलासरीच्या नाक्यावर ओळखीचं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती मारले?" विचारणारा वडापवाला असेल, शाळेतला जुना दोस्त असेल, नाहीतर पाड्यावरची काकी. फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारा, तेव्हा हा प्रश्न येणारच. मी आकडा सांगतो. तो मोठा नाही आणि तो सांगताना मला कमीपणाही वाटत नाही. पण त्या आकड्यातून माझं काम काय असतं ते कुणालाच कळत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. फॉरवर्डच्या वाट्याला बहुतेक वेळा त्याहूनही कमी. बाकीचा सगळा वेळ तो चेंडूशिवाय असतो. युरोपातल्या मोठ्या लीगमध्येही साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो, म्हणजे हुकणं हा या कामाचा रोजचा भाग आहे. हे सगळं मला कुणी सुरुवातीला सांगितलं नव्हतं. मी फॉरवर्ड झालो ते गोल मारायच्या ओढीनं. टिकलो ते मात्र उरलेल्या सत्त्याऐंशी मिनिटांत काय करायचं हे हळूहळू समजत गेलं म्हणून.

मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा वारली मुलगा. आमच्या आश्रमशाळेत तेव्हा कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि हँडबॉल एवढेच संघ होते. फुटबॉल टीव्हीवर दिसायचा. मी हँडबॉल खेळायचो आणि पिव्होटच्या जागेवर उभा राहायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिव्होट समोरच्या संघाच्या बचावात घुसून, सहा मीटरच्या रेषेला चिकटून, गोलकडे पाठ करून उभा राहतो. दोन्ही बाजूंनी धक्के बसत असतात. त्या दाटीत चेंडू हातात घ्यायचा, अंगानं झाकायचा आणि एका हिसक्यात वळून मारायचा. चेंडू आला नाही तर अंग मध्ये घालून आपल्या माणसासाठी वाट मोकळी करायची. ही माझी खरी पहिली शाळा होती, हे पुढे मुंबईत गेल्यावर कळलं.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात होता आणि त्याचे काही सामने नवी मुंबईत व्हायचे होते. त्या निमित्तानं राज्य सरकारनं १५ सप्टेंबर २०१७ हा दिवस ठरवून महाराष्ट्रभरातल्या दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायची मोहीम काढली. आमच्या शाळेत चेंडू आले ते तेव्हा. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे भात उभं असतं आणि मैदानात घोटाभर चिखल. अनवाणी पोरं त्या चिखलात चेंडूच्या मागे झुंडीनं धावत होती. मी नववीत होतो. झुंडीत शिरायचं सोडून मी सवयीनं गोलपाशी जाऊन पाठ करून उभा राहिलो. चेंडू कधीतरी इथे येणारच, असं हँडबॉलनं अंगात भिनवलेलं होतं. खेळाच्या सरांनी ते हेरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला तिथे उभं राहायला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात वसतिगृहातल्या टीव्हीवर आम्ही भारताचे तिन्ही सामने पाहिले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं हेडरवर गोल केला तेव्हा आमच्या हॉलमध्ये जो दंगा झाला तो अजून कानात आहे. विश्वचषकातला भारताचा तो पहिलाच गोल. पण माझं लक्ष अनिकेत जाधववर होतं. कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, २००० साली जन्मलेला, फॉरवर्ड. मराठी बोलणारा मुलगा त्या गणवेशात दिसणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. त्याच मुलांना घेऊन इंडियन ॲरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरला, आणि २९ नोव्हेंबर २०१७ ला आपल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० नं हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पेपरातलं ते कात्रण मी बरीच वर्षं वहीत ठेवलं होतं.

माझ्यात आणि त्याच्यात जे अंतर होतं ते समजायला मला एकदा कोल्हापूरला जावं लागलं. एका स्पर्धेसाठी आमचा मुंबईचा संघ तिथे गेला होता. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारपासून भरायला लागल्या. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी ही नावं तिथे पोरासोरांच्या तोंडी असतात, पेठेपेठेनं संघ वाटून घेतलेले. चहाच्या टपरीवरचा म्हातारा मला आमच्या सेंटर हाफची उजवी बाजू कशी उघडी पडते ते समजावून सांगत होता, आणि त्याचं बरोबर होतं. त्या गावात जन्मलेला मुलगा बोलायला लागायच्या आधीपासून फुटबॉल ऐकत असतो. माझ्या कानावर पडायचा तो तारप्याचा सूर, आणि क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांचा लाउडस्पीकर. कोल्हापूरच्या मुलाला पाच-सहा वर्षांत नकळत मिळतं ते मला चौदाव्या वर्षापासून जाणूनबुजून, एकेक करून गोळा करायचं होतं. हे कळलं त्याचा उपयोग झाला. मी घाईनं इतरांसारखा व्हायला जाणं सोडलं, आणि माझ्याकडे आधीच काय आहे ते पाहायला लागलो.

मुंबईची वाट डहाणू रोड स्टेशनवरून जाते. २०१३ च्या एप्रिलमध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली नसती तर मी फुटबॉलपटू झालो नसतो, हे मी अगदी विचार करून लिहितो. तलासरीला रेल्वे नाही. पहाटे नाक्यावरून जीप धरायची, डहाणूला उतरायचं, चिकूची खोकी आणि मासळीच्या पाट्यांमधून वाट काढत डब्यात शिरायचं. चर्चगेटपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पहिल्या निवड चाचणीला सर सोबत आले होते. स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या पैशानं. गाडीत ते फुटबॉलबद्दल काहीच बोलले नाहीत. बोईसर गेल्यावर एवढंच म्हणाले, "तिथली पोरं बूट घालून मोठी झालीत. तू बुटांकडे बघू नकोस, माणसांकडे बघ."

त्या चाचणीत मी चेंडूवर फारसं काही केलं नाही. माझा पहिला स्पर्श तेव्हा कच्चा होता, चेंडू पायाला लागून दोन हात लांब जायचा. पण गोलकडे पाठ करून उभं राहिलं की मला हलवणं सोपं नव्हतं, आणि पळण्यात कुणी माझ्या जवळपास नव्हतं. प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. नंतर दोन वर्षं मी त्यांच्याकडे होतो. गोव्याचा, कमी बोलणारा माणूस. पहिला महिनाभर त्यांनी मला सराव सामन्यात गोलवर फटकाच मारू दिला नाही. काम एकच, चेंडू माझ्याकडे यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहायचं आणि मागे कोण आहे ते मोठ्यानं सांगायचं. "उजवीकडे एक, डावीकडे रिकामं." पाहिलं नसेल तर चेंडू माझ्याकडे आला तरी खेळ थांबायचा. सुरुवातीला हे फार कंटाळवाणं वाटलं. काही आठवड्यांनी असं झालं की चेंडू येईपर्यंत मला कुठे वळायचं ते ठाऊक असायचं, आणि कच्चा स्पर्शही निभावून जायचा, कारण तो रिकाम्या बाजूला पडायचा.

दुसरं शिक्षण आमच्याच संघातल्या एका सेंटर हाफकडून मिळालं. तिशी ओलांडलेला, पूर्वी एका कंपनीच्या संघात खेळलेला. सरावात तो मला चेंडू मिळूच द्यायचा नाही. प्रत्येक वेळी माझ्या आधी पोचायचा, माझ्याहून कितीतरी हळू पळत असूनही. एक दिवस मी विचारलं, "दादा, तुम्हाला आधी कसं कळतं?" तो म्हणाला, "तू मागतोस ना, हात दाखवून. जिथे जायचंय तिकडे बघतोस. मग मला काय, चालत गेलं तरी पोचतो." तेव्हापासून मी आधी नको त्या बाजूला दोन-तीन पावलं जायला शिकलो. बचावपटू सोबत सरकला की मागे त्याची जागा रिकामी होते. त्याला एकाच वेळी चेंडू आणि मी असे दोघे दिसू नयेत, अशा ठिकाणी राहायचं, त्याच्या पाठीमागच्या खांद्याशी. त्यात ऑफसाइडची रेषा सांभाळायची. चेंडू सुटतो त्या क्षणी शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलात तर चालतं, तिच्या जरा पुढे गेलात की झेंडा वर. हे सगळं त्या सुटण्याच्या क्षणावर अवलंबून असतं, आणि तो क्षण माझ्या हातात नसतो, पास देणाऱ्याच्या पायात असतो. म्हणून मी मिडफिल्डरांची डोकी पाहायला शिकलो. कोण मान वर करून मारतो, कोण एक पाऊल जास्त घेतो, कोणाचा डावा पाय फक्त उभं राहण्यापुरता आहे. आमच्या संघातल्या प्रत्येकाची चाल मला अंधारातही ओळखता येईल.

या वर्षांत मी राहायचो नालासोपाऱ्यात, चौघे एका खोलीत. त्यातला एक नायजेरियाहून आलेला स्ट्रायकर होता. तो ज्या जागेवर खेळायचा ती माझीच जागा, म्हणजे तो खेळला की मी बाकावर. इथे थोडं सगळ्यांबद्दल बोललं पाहिजे. भारतीय फॉरवर्डची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी खेळाडू चालायचे. २०१७-१८ पासून पाच आणि २०२१-२२ पासून चार झाले. पण संख्या कमी झाली तरी क्लब परदेशी माणूस घेताना आधी स्ट्रायकरच बघतात, कारण गोल महाग असतो आणि पुढच्या रविवारी हवा असतो. त्यामुळे आपल्याकडचे तरुण फॉरवर्ड कडेला सरकतात, विंगर होतात. अनिकेत जाधवचंही असंच झालं. २०१९ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही महिने सराव करून तो आला, जमशेदपूरकडून खेळला, मग हैदराबादकडे गेला, आणि मोठ्या लीगमध्ये त्याचा बराचसा खेळ बाजूपट्टीवरच झाला. त्यानं तो मन लावून केला. पण सतराव्या वर्षी आघाडीवर राहून दोन गोल मारणाऱ्या मुलाला आणखी चार-पाच वर्षं तिथेच ठेवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध खेळून थांबला तेव्हा देशासाठी त्याचे ९४ गोल झाले होते. पुढच्याच वर्षी त्याला परत यावं लागलं. चाळिशीतल्या माणसाला परत बोलवावं लागतं, यातच फॉरवर्ड तयार होण्याची आपल्याकडची सगळी कथा आली.

माझ्या खोलीतल्या त्या नायजेरियन सोबत्यावर मात्र माझा कधीच राग नव्हता. घरापासून माझ्यापेक्षा कितीतरी लांब आलेला, दर महिन्याला घरी पैसे पाठवणारा. आईनं दिलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी तो आमच्याबरोबर आवडीनं खायचा, त्याच्याकडेही असंच काहीतरी करतात म्हणायचा. संध्याकाळी गच्चीवर त्यानं मला चेंडू कसा झाकायचा ते शिकवलं. हात पसरायचा, पण ढकलायचा नाही. समोरचा कुठे आहे ते हातानं जाणायचं आणि कंबर खाली घ्यायची. तो म्हणायचा, बचावपटूला टेकून राहा, मग त्याला वाटतं की तू त्याच्या ताब्यात आहेस. हँडबॉलमध्ये मी नेमकं हेच करत होतो, फक्त त्याला नाव नव्हतं. पुढच्या मोसमात तो दुसऱ्या क्लबात गेला आणि जागा माझ्याकडे आली.

जागा आली आणि गोल थांबले. सामन्यामागून सामने जायला लागले. बारला लागला, गोलकीपरच्या बोटांना लागला, कधी रिकाम्या गोलसमोर पायाखाली चेंडू उसळला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर प्रेक्षक जवळ बसतात, सगळं ऐकू येतं. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला, आणि त्याचे किती तरी सामने ज्या मैदानावर झाले ते हेच. तिथे आघाडीवर उभं राहणं म्हणजे आपल्या आधी तिथे उभ्या राहिलेल्यांची आठवण घेऊन उभं राहणं. बांद्र्याच्या ज्या टर्फवर आम्ही लीगचे सामने खेळायचो त्याला नेव्हिल डिसूझांचं नाव आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले, भारत ४-२ नं जिंकला आणि शेवटी चौथा आला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. मुंबईत खेळणाऱ्या फॉरवर्डनं हे केलं होतं. मला त्या नावाचं दडपण यायचं आणि त्याच नावानं उभारीही यायची.

आपल्याला संघातून काढणार असं मी धरून चाललो होतो. प्रशिक्षकांनी बोलावलं, लॅपटॉप उघडला, एका सामन्याचं चित्रण लावलं आणि म्हणाले, "चेंडूकडे बघायचं नाही. फक्त स्वतःकडे बघ." पूर्ण पहिला अर्धा आम्ही तसा पाहिला. आमच्या संघाचे दोन गोल झाले होते, दोन्ही डाव्या विंगरचे. पहिल्या गोलच्या आधी मी जवळच्या खांबाकडे जीव तोडून पळालो होतो आणि दोन्ही सेंटर हाफ माझ्यामागे आले होते. विंगर मागे एकटा उरला. दुसऱ्या वेळी मी चेंडू घ्यायला खाली उतरलो, माझा माणूस माझ्यामागे आला, आणि जिथून तो निघाला तिथूनच पास आत गेला. स्कोअरशीटवर माझं नाव कुठेच नव्हतं. प्रशिक्षक म्हणाले, "मी तुला का खेळवतो ते कळलं? आता रोज रात्री गोल मोजत बसणं बंद कर." त्या दुपारनंतर माझ्या खेळातली घाई गेली. थोड्याच दिवसांत गोलही यायला लागले. पण आधी घाई गेली आणि मग गोल आले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तरुण फॉरवर्डला नेमकं उलटं सांगतात, एक गोल होऊ दे, मग मन शांत होईल.

खेळाबाहेरचं शिक्षण वेगळंच होतं. आमच्याकडे नारळी पौर्णिमा झाली की बाप्ये गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा. मालकाकडून उचल घ्यायची आणि मे महिन्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की हिशोब. माझे बाबा वर्षानुवर्षं हेच करत आले. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदी लागलेली असताना, डहाणू-तलासरीचे शेकडो खलाशी बोटींतून उंबरगावच्या किनाऱ्याजवळ येऊन अडकले. बाबा त्यांत होते. गाव समोर दिसत होतं आणि उतरायची परवानगी नव्हती. मी घरी होतो, मैदानं बंद होती, आणि घरात आई आणि मी फोनच्या चार्जिंगवरून वाद घालत होतो, कारण तोच एक धागा होता. पुढच्या वर्षी माझ्यासमोर पहिला करार आला तेव्हा मला तो सगळा ओळखीचा वाटला. मोसमापुरता, सुरुवातीला थोडी रक्कम, बाकी महिन्याला, दुखापत झाली तर काय ते मोघम.

आजोबांनी तो कागद सही करण्याआधी वाचायला लावला. आमच्या तालुक्यातल्या झरी गावात १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करायची नाही असं तिथे ठरलं. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तेव्हा इथे काम करत होते. आजोबांच्या वडिलांनी ती सभा पाहिलेली होती. एका अंगठ्यानं पिढी कशी बांधली जाते हे आमच्या घरात गोष्टीसारखं सांगितलं जायचं. आजोबा म्हणाले, "वाच. समजलं नाही ते विचार. लाजू नको." मी क्लबच्या माणसाला विचारलं की मोसम संपल्यावर मी मोकळा आहे की नाही, आणि दुखापतीचा खर्च कोण करणार. त्याला ते आवडलं नाही, पण एक ओळ त्यानं वाढवली. पुढे दुसऱ्या एका क्लबात तीन महिने पगार थकला तेव्हा, सगळं लिहून घ्यायची सवय असल्यामुळे, माझ्याकडे दाखवायला कागद होता. सोबतच्या काही मुलांकडे फक्त फोनवरचं बोलणं होतं. त्यांतला एक आता वापीला पॅकिंगच्या कामावर आहे. तो माझ्यापेक्षा चांगला फिनिशर होता.

मांडीच्या मागचा स्नायू एकदा फाटला तेव्हा मी आवणीच्या दिवसांत घरी होतो. घरात सगळे वाकून रोपं लावत असताना तरणाताठा मुलगा खाटेवर बसलेला, हे बघणाऱ्याला खटकतंच. बाबा बोलले नाहीत, पण शेजारचे बोलले. फिजिओनं सांगितलेला व्यायाम असा होता की गुडघ्यावर उभं राहायचं, मागे कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. धाकटा भाऊ शेतातून येऊन, चिखलाच्या हातानं, रोज संध्याकाळी माझे घोटे धरायचा. एकदा बाबा ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे पण कामच आहे." त्यानंतर शेजाऱ्यांना तेच उत्तर द्यायला लागले. थोडं बरं वाटल्यावर मी कुर्झे धरणाच्या बांधावर पळायला सुरुवात केली, आधी चालत, मग दुडक्या चालीनं, शेवटी पूर्ण वेगानं. स्नायू जुळल्यावरही मनातली भीती जायला वेळ लागतो. मोठा फटका मारताना पाय आपोआप आखडतो. ती भीती गेली ती सामन्यातच, एका पळण्यात, जेव्हा पायाचा विचार करायला वेळच नव्हता.

२०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा मोसम थांबवल्याची बातमी आली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० सालचा करार त्या डिसेंबरात संपत होता आणि पुढचं ठरलं नव्हतं. आमच्यासारखे खालच्या पायऱ्यांवरचे लोक त्या लीगमध्ये खेळत नाहीत. पण वरचा क्लब थांबला की वरचे खेळाडू खाली काम शोधतात, आणि खालचे क्लब करार पुढे ढकलतात. माझा फोनही त्या पावसाळ्यात वाजला नाही. मी तलासरीला आलो आणि शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलांना खेळवायला लागलो. मोसम नंतर सुरू झाला, मीही परत खेळतो आहे, पण सुट्टीला आलो की ते चालूच ठेवतो.

मुलांपेक्षा मुली जास्त येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी चेंडू देत नाही. दोघींची जोडी करतो, एक पळणार, दुसरी तिच्या अंगाला चिकटून राहणार, आणि पळणारीनं तिला चकवून बांबूच्या दोन खांबांमधून जायचं. पाठीवर भारे घेऊन बांधावरून चालणाऱ्या मुली आहेत या. तोल आणि दिशा बदलणं त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांतल्या एकीची समज मला थक्क करते. ती आधी थांबते, समोरचीला पुढे जाऊ देते आणि मग तिच्या पाठीमागून निघते. हे मला कळायला मुंबईत दोन वर्षं लागली होती.

अडचण दिवाळीनंतर येते. भात झोडून झालं की कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं सोबत जातात. नेमक्या त्याच महिन्यांत वयोगटांच्या स्पर्धा आणि निवड चाचण्या असतात. त्या मुलीच्या वडिलांना मी जाऊन भेटलो. त्यांनी विचारलं, हिला यातून नोकरी लागेल का. मी जे आहे ते सांगितलं. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतलं यश लागतं, प्रमाणपत्र तपासून घ्यावं लागतं आणि तिथवर पोचायला निदान पाच-सहा वर्षं. मुलींच्या फुटबॉलमध्ये पैसा मुलांपेक्षाही कमी आहे. गुडघा गेला तर सगळं तिथेच थांबू शकतं. मी किती कमावतो तेही सांगितलं, आणि कुठल्या महिन्यांत काहीच येत नाही तेही. ते बराच वेळ बायकोशी बोलत बसले. मुलगी मार्चपर्यंत आजीकडे राहील, शाळा सोडणार नाही, आणि भट्टीवर या वर्षी दोघंच जातील, असं ठरलं. तिची जिल्ह्याची निवड चाचणी जानेवारीत पालघरला आहे. तिच्या मापाचे बूट डहाणूत मिळाले नाहीत, ते मी पुढच्या खेपेला मुंबईहून आणणार आहे.